माहेरघरी जेवायला काय आहे?

पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणायची पद्धत आहे. कमानींवर लिहितात, भाषणांत म्हणतात, शाळेच्या निबंधात तर मुलं पहिल्याच ओळीत घालतात. (असे शेकडो निबंध मी तपासलेत.) पण आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळे शब्दाचा अर्थ विचारायची माझी खोड काही जात नाही. माहेर म्हणजे काय हो? गेल्यावर आधी पायांवर पाणी, मग "जेवलीस का गं?", आणि बाकीच्या चौकश्या त्यानंतर, ते माहेर. जिथे दारातच डिपॉझिट मागतात, कॉटला नंबर असतो आणि एक तारीख उलटली की घरमालकीण जिन्यात उभी राहते, त्या जागेला भाड्याची खोली म्हणतात. भाड्याची खोली असण्यात काही पाप नाही. पण मग माहेर म्हणू नये.

एवढं डोकं तापायचं कारण म्हणजे एक यादी. परवा आमच्या नात्यातल्या एका उत्साही मुलाने ती सगळ्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅपवर टाकली. 'पुण्यात शिकायला येताय? मग हे खाल्लंच पाहिजे आणि हे केलंच पाहिजे!' यादी लांबलचक. वैशालीतली एसपीडीपी, गुडलकचा बन मस्का, बेडेकरांची मिसळ, कयानीची श्रूजबेरी बिस्किटं, सुजाताची मस्तानी, मग कोरेगाव पार्कातले आणि बाणेर-बालेवाडीकडचे कॅफे, ज्यांची नावं मला धड वाचताही येईनात. आणि सगळ्यात शेवटी 'वीकेंडला काय कराल?' या मथळ्याखाली कोण? तर आम्ही! राजगड, तोरणा, मढे घाट, भाटघरचं धरण, पावसाळ्यात वरंध घाट.

म्हणजे विद्यार्थ्यांच्या शहराच्या यादीत भोर आणि वेल्हे दोघेही आहेत. (वेल्हे तालुक्याचं नाव २०२५ साली सरकारने राजगड केलं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसलंय.) आमचे डोंगर यादीत आहेत, धबधबे आहेत, धरणं आहेत. नाहीत ती फक्त आमची मुलं.

आता गैरसमज नको. मला खाण्याचं वावडं नाही. मिसळीला नावं ठेवून पुणे जिल्ह्यात राहता येत नाही, हे मला ठाऊक आहे. कयानीची बिस्किटं कुणी आणली तर मी "कशाला आणलीस" म्हणत म्हणत चार खाते. तरुण पोरांनी मजा करू नये असं म्हणणारी म्हातारी मी नाही. माझं भांडण पदार्थांशी नाही. त्या यादीत 'विद्यार्थी' म्हणून जो उभा केलाय, त्याच्याशी आहे.

कोण आहे हा विद्यार्थी? त्याच्याकडे दुचाकी आहे. त्याच्या खिशात दर महिन्याला घरून पैसे येतात आणि ते महिनाअखेरीलाही शिल्लक असतात. त्याला भूक लागत नाही, त्याला 'क्रेव्हिंग' होतं. असा विद्यार्थी पुण्यात आहे, बराच आहे, सुखी राहो बिचारा. पण पुण्याला विद्यार्थ्यांचं शहर केलं ते त्याने नाही.

माझा विद्यार्थी स्वारगेटला उतरतो. छत्तीस वर्षं मी आधी भोर तालुक्यात आणि मग वेल्ह्यात शिकवलं. केळद, पासली, घिसर, इकडे हिर्डोशी, भुतोंडे, महुडे, या बाजूची मुलं माझ्या हाताखालून गेली. बारावी झाली की त्यांच्यासमोर एकच रस्ता. वेल्ह्याचा नसरापूरवरून, भोरचा कापूरहोळवरून, दोन्ही जाऊन मिळतात हायवेला आणि तिथून कात्रजमार्गे स्वारगेट. हातात एक पत्र्याची पेटी असायची, आता पाठीवर सॅक असते. फरक तेवढाच.

त्या मुलाचं जेवण कसं येतं, ते यादीवाल्यांना ठाऊक आहे का? एसटीने येतं! आई पहाटे उठून भाकऱ्या थापते, पावट्याची नाहीतर वाटाण्याची सुकी भाजी, ठेचा, जमलं तर भाताचा वेगळा कप्पा. डबा फडक्यात बांधायचा, वर नावाची चिठ्ठी, आणि सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या मागे नेऊन ठेवायचा. पोरगं स्टँडवर उभं. रिकामा डबा परतीच्या गाडीला. मी किती वेळा पाहिलंय, कंडक्टर तिकिटं फाडता फाडता पायाने डबे सरळ करतोय. काहींची सगळी वर्षं या डब्यावर निघाली. गाडी बंद पडली की त्या दिवशी पाव. २०२१ च्या अखेरीला एसटीचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा कामगारांचे हाल पेपरात आले, प्रवाशांचे आले. फडक्यात बांधलेल्या डब्यांचं काय झालं, हे काही माझ्या वाचनात आलं नाही.

डबा येत नाही त्यांच्यासाठी खाणावळ. आताची मुलं मेस म्हणतात, आपण खाणावळच म्हणू. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रोडच्या बोळाबोळांतून या खाणावळी आहेत. त्या यादीत त्यांचं एकही नाव नाही. दोन-तीन पोळ्या, एक सुकी, एक रस्सा, वरण, भात. रविवारी दुपारी काहीतरी गोड आणि रविवारी संध्याकाळी बंद. ही बंद संध्याकाळ पुण्यात शिकलेल्या माणसाला म्हातारपणीही आठवते.

खाणावळीत एक शब्द असतो, खाडा. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, ज्या वेळेला जेवायला येणार नाही त्याचा खाडा मांडायचा. आधी सांगितलं असेल तर तेवढी जेवणं पुढे सरकतात. आता हाच शब्द दोन मुलांच्या तोंडी ऐका. सुखवस्तू मुलगा म्हणतो, "काकू, आज खाडा धरा", म्हणजे तो मित्रांबरोबर बाहेर जेवणार आहे. माझा विद्यार्थी म्हणतो, "काकू, आज खाडा धरा", म्हणजे तो जेवणारच नाही. महिन्याचं कूपन पस्तीस-चाळीस दिवस पुरवायचं असतं त्याला. एका मुलाने मला नोकरी लागल्यावर सांगितलं, "बाई, दर शनिवारी गावी यायचो ना, ते घरच्यांना भेटायला नाही. चार खाडे वाचायचे." त्याच्या आईला हे आजही माहीत नाही. तिला वाटतं पोराला घरची फार ओढ.

दुसरी युक्ती, एक डबा दोघांत. तिसरी, एका वेळचाच डबा लावायचा आणि तो संध्याकाळी उशिरा उघडायचा, म्हणजे झोपेपर्यंत पोट गप्प राहतं. ही सगळी मुलं दिवसभर अभ्यासिकेत बसलेली असतात. एक खुर्ची, एक दिवा, एक कप्पा, त्याचंही महिन्याचं भाडं. २०२० च्या टाळेबंदीत खाणावळी बंद झाल्या तेव्हा पेठांमधली ही मुलं पुस्तकं तिथेच ठेवून गावाकडे पळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये परीक्षांच्या तारखांवरून याच मुलांनी पुण्यात रस्त्यावर बसून आंदोलन केलं, तेव्हा टीव्हीवाल्यांना ती दिसली. एरवी ती कुणाच्या यादीत नसतात.

आणि मुलींचं तर काय सांगू. २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलं केलं, मनापासून सांगते. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेही चांगलंच. आमच्या भागातली एक गुणी मुलगी त्या फीमाफीवर इंजिनिअरिंगला गेली. गावात पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. फी शून्य होती हो. कॉट शून्य नव्हती, डबा शून्य नव्हता. धाकटा भाऊ दहावीला, आणि घरात दोघांपैकी एकाचाच खर्च झेपेल म्हटल्यावर कुणाचा थांबला, ते सांगायला मास्तरीण लागत नाही. वसतिगृहाच्या भत्त्याच्या योजना आहेत, पंजाबराव देशमुखांच्या नावाची आहे, बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार आहे. अर्ज कसे भरायचे ते मीही मुलांना बसवून शिकवते. पण भत्ता यायचा तेव्हा येतो, भूक दिवसातून दोनदा येते.

हे सगळं पुण्याला नवीन असतं तर मी गप्प बसले असते. पण जुन्या पुण्याने हा प्रश्न हातात घेतला होता, म्हणून चिडचिड होते.

वार लावून जेवणं हा प्रकार तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. नाहीतर मधुकरी, झोळी घेऊन चार दारी जायचं. १९०९ मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची सुरुवातीची मुलं माधुकरीवरच शिकली. ती संस्था आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून आपल्याला माहीत आहे. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला नेला, तिथे शिकवण्याइतकीच काळजी राहण्या-जेवण्याची होती. शिकवायचं तर आधी जेवू घातलं पाहिजे, हे त्या माणसांना सांगावं लागलं नाही.

पण 'जुनं ते सोनं' म्हणून मी इथे थांबणार नाही, कारण ते खरं नाही. वार मिळायला गुण लागायचे तशी जातही लागायची. आमच्या आजोबांच्या पिढीतला वाडीवरचा शेतकऱ्याचा पोरगा पुण्यातल्या त्या सात दारांपैकी एकाही दारात पानावर बसला नसता. ज्या शहरात जोतीरावांना १८६८ साली घरचा हौद सगळ्यांना खुला करून दाखवावा लागला, त्या शहराचं ताट किती रुंद होतं हे काय सांगायचं! ताट रुंद केलं ते कर्मवीर भाऊरावांनी, आणि तेही साताऱ्यात. १९२४ साली बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, लक्ष्मीबाईंनी त्या पोरांसाठी अंगावरचं सोनं मोडलं. १९२७ मध्ये गांधीजींनी त्या बोर्डिंगला शाहूमहाराजांचं नाव दिलं. कमवा आणि शिका हे शब्द आपल्याकडे रुजले ते त्या घरातून. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहायक समिती काढली ती खेड्यातल्या गरीब मुलांसाठीच. तिची वसतिगृहं आजही आहेत आणि आमच्या तालुक्यातली मुलं तिथे राहून माणसं झालेली मी पाहिली आहेत. म्हणजे काय करायचं हे माहीत आहे, करून झालेलं आहे. पुढे वाढवायचं मात्र राहून गेलं. पन्नास-साठ वर्षांत कॉलेजं वाढली, इमारती वाढल्या, फिया वाढल्या. दोन वेळच्या ताटाची जबाबदारी मात्र हळूच मुलाच्या खिशात सरकवली गेली.

यावर आमच्याच पुणेरी नातेवाइकांची उत्तरं मला पाठ आहेत. एकेक घेते.

"पुण्याने काय सगळ्या महाराष्ट्राला जेवू घालायचा मक्ता घेतलाय का?" मक्ता नाही, पण उधारी आहे. पाण्याची. पुण्याला पाणी खडकवासल्यातून जातं. खडकवासल्यात ते येतं पानशेत, वरसगाव आणि टेमघरमधून. टेमघर शेजारच्या मुळशीतलं, पण पानशेत आणि वरसगाव आमच्या वेल्ह्यातली. त्या पाण्याखाली गावं आहेत, भाताची खाचरं आहेत, देवळं आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पुण्यात काय वाहून गेलं त्याच्या आठवणींची पुस्तकं निघाली. धरण बांधताना जे बुडलं, त्याची आठवण काढायला तिथे कुणी राहिलंच नाही. भोरची गोष्टही वेगळी नाही. भाटघर इंग्रजांच्या काळातलं, वेळवंडीवरचं. पाणी नीरेच्या कालव्यांतून खाली जातं आणि ऊस तिकडे पिकतो. आमच्याकडे राहतात ती डोंगरउतारावरची नाचणी, वरी आणि पावसावरचा भात. तेव्हा माझ्या तालुक्यातल्या पोराला तुमच्या शहरात परवडेल असं ताट मिळावं, हे मी दान म्हणून मागत नाही. तुमच्या माठातलं पाणी कुठून येतं तेवढं बघा, मग बोलू.

"हल्ली मुलं कामं करतात की! डिलिव्हरी करतात, कॅफेत वेटर असतात, कमवा आणि शिकाच ते." नाही, ते कमवा आणि शिका नव्हे. विद्यापीठाच्या योजनेत कामाचे तास मोजके असतात आणि शिकणं हे मुख्य असतं. रात्री एक वाजेपर्यंत दुसऱ्याचं जेवण पाठीवर घेऊन दुचाकी हाणायची आणि सकाळी आठच्या तासाला पेंगायचं, त्यात कमवा आहे, शिका कुठे आहे? त्या पाठीवरच्या पिशवीत जे जेवण असतं त्याच्या किमतीत त्याचे खाणावळीतले दोन-तीन दिवस निघाले असते, हे त्याला वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला कळत असतं.

"खाणावळवालीने तरी किती स्वस्त द्यायचं?" हे मात्र खरं. सिलिंडर, तेल, डाळ, जागेचं भाडं, सगळं तिला आपल्यासारखंच महाग पडतं. मी खाणावळवाल्या बाईला दोष देणार नाही. बहुतेक ठिकाणी तीसुद्धा कुठल्या तरी गावाहून पुण्यात आलेली असते, आणि परीक्षेच्या दिवशी पोराला जास्तीची पोळी वाढणारी पुण्यात तीच असते. म्हणूनच एकट्या तिच्या जिवावर शहराने विद्यार्थ्यांचं शहर म्हणून मिरवू नये. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी राज्यात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. म्हणजे मनात आणलं तर थाळीचे पैसे कुणी तरी भरू शकतं. कॉलेजच्या आवारात कॅन्टीनच्या ठेक्यातच 'एक साधी थाळी, ठरलेल्या भावात, रोज' एवढी अट घालायला काय लागतं? सामोसा-सँडविचवर मूल वाढत नाही.

आणि पुण्याला जेवू घालायला येत नाही असं तर म्हणूच नका. आषाढात माउलींची आणि तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा हेच शहर काय करतं? पेठापेठांतून पंगती बसतात. कोण कुठल्या गावचा, कोणत्या जातीचा, कुणी विचारत नाही. शाळा उघडतात, वाडे उघडतात. दोन दिवस हे शहर खरोखर माहेर असतं. हे पोरगंही वारकरीच आहे. फक्त त्याची वारी तीन-चार वर्षांची आहे आणि त्याच्या खांद्यावर पताका नाही म्हणून तो ओळखू येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, दुसऱ्याच्या यादीला नावं ठेवलीत, स्वतःची यादी द्या. देते. यंदा स्वारगेटला उतरणाऱ्या माझ्या मुलांसाठी आहे, इतरांनी वाचली तरी हरकत नाही.

खाण्याचं आधी. पहिल्या आठवड्यात खाणावळ पक्की करू नका. चार ठिकाणी पैसे देऊन एकेक वेळ जेवा, मग ठरवा. जिथे तिसऱ्या वर्षाची मुलं अजून जेवताहेत ती खाणावळ बरी. खाडे किती धरतात, किती आधी सांगायचं, ते पैसे भरायच्या आधी विचारा, नंतर नाही. पिण्याचं पाणी कुठलं ते विचारायला लाजू नका. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची साथ आली तेव्हा पाण्याकडेच बोट गेलं होतं, म्हणून शक्य तर उकळलेलंच प्या. खोलीवर शेंगदाणे-गुळाचा डबा आणि नाचणीचं पीठ ठेवा, घरचं आहे, फुकट आहे. आणि सणासुदीला, पहिल्या कमाईला, वैशालीत जरूर जा, मिसळ खा, मस्तानी प्या. ताठ मानेने जा. ते शहरही तुमचं आहे.

आता करायच्या गोष्टी. पर्वती चढा, पहाटे. वेताळ टेकडीवर जा, तिथून दक्षिणेला हवा स्वच्छ असली तर डोंगरांच्या रांगा दिसतात, आपल्या घराची दिशा तीच. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घ्या, वर्ष संपलं की विका. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, सभासद व्हा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात असते, जाऊन बसा, ऐकायला डिग्री लागत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका १९६३ पासून चालू आहेत. एक तरी फेरी बघा, तुमच्या वयाची मुलं काय करू शकतात ते कळेल. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून पुस्तक महोत्सव भरतो, खरेदी नाही केली तरी हाताळायला कुणी अडवत नाही. गणपतीत रात्रभर पायी फिरा. आणि महिन्यातून एकदा गावी या, पण खाडे वाचवायला नको, आईसाठी या.

राहिले माझे नातेवाईक आणि तुम्ही नेहमीचे वाचक. भाषण झोडून मी तुम्हाला सोडणार नाही.

मी बी.ए.ला होते तेव्हा शुक्रवार पेठेत आत्याकडे राहायचे. दोन खोल्यांत नऊ माणसं. मी दहावी. आत्या लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण माझ्या ताटातली भाकरी तिने कधी मोजली नाही. विद्येचं माहेरघर म्हणजे माझ्यासाठी त्या दोन खोल्या. आज आपल्या नात्यात कोथरूडला, सहकारनगरला, सिंहगड रोडला मिळून किती घरं आहेत, मोजा. तीन-तीन खोल्या, मुलं अमेरिकेत नाहीतर बंगळूरला, जेवायला दोन माणसं आणि फ्रीजमध्ये कालची भाजी. तुम्हीच फोनवर सांगता ना मला, "घर खायला उठतं गं ताई"? मग खाणाऱ्याला बोलवा की! मी खोली द्या म्हणत नाही, त्याचे प्रश्न असतात, मला कळतं. मी वार मागते. आठवड्यातला एक वार, एका मुलाला किंवा मुलीला, एक वेळचं साधं जेवण. जात विचारायची नाही, मार्क विचारायचे नाहीत, जेवताना उपदेश करायचा नाही (हे आपल्यातल्या शिक्षकांसाठी!), आणि फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकायचा नाही. सात घरं जमली की एका मुलाचं एक वेळचं कूपन सुटतं. चौदा जमली की त्याचे खाडे संपतात.

माझं भोरचं घर पुण्यापासून लांब, इथे रोज कोण जेवायला येणार? पण मुलं मला ठाऊक आहेत. यंदा गेलेल्या सहा जणांची नावं माझ्या वहीत आहेत, चार मुली आणि दोन मुलगे. कोण कुठल्या पेठेत राहतं तेही लिहून घेतलंय. मला आता एसटी फुकट आहे, तेव्हा ओळख करून द्यायला मी स्वतः येईन. बुधवार माझ्या धाकट्या बहिणीने घेतला. विचारलं नाही, सांगितलंच तिला. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि ती रविवारची संध्याकाळ रिकामी आहे. कोण कोणता वार घेणार, ते या आठवड्यात कळवा.